एका हाताने पत्ते कापताना

पत्त्यांचा कॅट एका हातात धरायचा. दुसरा हात खिशात. आता त्याच हाताच्या बोटांनी कॅटचे दोन भाग करायचे, खालचा भाग वर आणायचा आणि सगळं पुन्हा बंद करायचं. या हालचालीला ‘शार्लिए कट’ म्हणतात. यूट्यूबवर पत्त्यांच्या कसरती शिकायला गेलात, तर बहुतेक ठिकाणी पहिला धडा याचाच असतो. नीट जमली की जेमतेम एक सेकंद लागतो आणि बघणारा “अरे, परत कर” म्हणतो.

मी आठ महिने ही एकच गोष्ट करतोय. बिल्ड चालू असताना, लांबलेल्या मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून, रात्री ऑन-कॉल असताना. हात आपोआप चालायला लागला तसं डोकं मोकळं झालं आणि मी या हालचालीचा इतिहास वाचायला घेतला. त्यात एक गोष्ट अशी सापडली की तेव्हापासून माझं बोटांकडे बघणंच बदललं. आज जी हालचाल फक्त दाखवण्यासाठी करतात, ती मुळात कोणालाही दिसू नये म्हणून तयार झाली होती.

कारण समजायला पत्त्यांच्या डावातली एक साधी रीत आठवा. एकाने पत्ते पिसायचे, दुसऱ्याने कापायचे, मग पहिल्याने वाटायचे. लहानपणी आपण हे शिष्टाचार म्हणून करतो. प्रत्यक्षात ही सुरक्षाव्यवस्था आहे. पिसणाऱ्याने चार एक्के वर लावून ठेवले असतील, तर कापल्यावर ते मध्ये कुठेतरी जातात. आमच्या भाषेत सांगायचं तर सिस्टिम ज्याच्या हातात आहे त्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही, शेवटचं पाऊल दुसऱ्याकडून टाकून घ्यायचं.

आता गंमत बघा. पत्ते कापल्याने त्यांचा क्रम मोडत नाही, फक्त फिरतो. ५२ पत्ते गोलाकार मांडलेत अशी कल्पना करा. कापणं म्हणजे त्या वर्तुळाची सुरुवात दुसरीकडून करणं. तुम्ही वरचे २० पत्ते उचलून खाली ठेवलेत आणि मी गुपचूप वरचे ३२ उचलून खाली ठेवले, की सगळं जसंच्या तसं. एक रोटेशन आणि त्याचं उलट रोटेशन. पहिल्या सेमिस्टरचा प्रश्न. अडचण एवढीच की ३२ मोजायला वेळ नसतो. म्हणून लबाड खेळाडू दोन गठ्ठे एकावर एक ठेवताना सांध्यात करंगळीचं टोक अडकवतो किंवा एखादा पत्ता किंचित वाकवून ठेवतो. बोटाला ती फट सापडली की तिथूनच कॅट उलटा फिरवायचा. समोरच्याने घातलेलं कुलूप अर्ध्या सेकंदात उघडायचं. याला इंग्रजीत ‘पास’ किंवा ‘शिफ्ट’ म्हणतात, फ्रेंचांनी ‘उडी मारून काप ओलांडणं’ अशा अर्थाचं नाव दिलंय, ते मला जास्त आवडतं.

पत्त्यांतली लबाडी पत्त्यांइतकीच जुनी असावी. कॅराव्हॅज्जोने १५९५ च्या आसपास काढलेल्या चित्रात एक पोरगेला खेळाडू पाठीमागे, कमरेच्या पट्ट्यात खोचलेला पत्ता काढतोय आणि त्याचा साथीदार सावजाच्या खांद्यावरून पत्ते बघून बोटांनी खुणा करतोय. त्या साथीदाराच्या हातमोज्याची टोकं फाटलेली आहेत. बोटांची कातडी उघडी असेल तर पत्त्यांवरच्या खुणा चाचपता येतात, असा त्याचा अर्थ लावला जातो. चित्रकाराने हे कुठे पाहिलं असेल, असा प्रश्न मला पडतो.

पण लबाडांची विद्या पुस्तकात यायला वेळ लागला. १८७६ मध्ये लंडनमध्ये ‘मॉडर्न मॅजिक’ नावाचं जाडजूड पुस्तक निघालं. लेखक प्रोफेसर हॉफमन. हे टोपणनाव. खरं नाव अँजेलो लुईस, व्यवसाय वकिली. या गृहस्थाने जादूगारांची गुपितं इतक्या बारकाईने लिहून काढली की घरबसल्या कोणीही ती शिकू शकेल. एका वकिलाने सगळ्या धंद्याचं डॉक्युमेंटेशन लिहून टाकलं असंच म्हणा ना. दोन्ही हातांनी करायचा पास त्यात होता आणि एका हाताने करायचाही. पुढे १८९० मध्ये त्याचा ‘मोअर मॅजिक’ हा ग्रंथ आला. एका हाताच्या एका विशिष्ट पासला शार्लिएचं नाव त्यात स्पष्ट दिसतं.

हा शार्लिए म्हणजे एक वयस्कर माणूस. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लंडनमधल्या जादूगारांच्या वर्तुळात तो वावरत होता. त्याने पुस्तक लिहिलं नाही. मोठ्या थिएटरांच्या जाहिरातींत त्याचं नाव झळकलं नाही. तो लोकांना माहीत आहे तो ज्यांना त्याने शिकवलं त्यांच्या लिखाणातून. टाचणीच्या टोकाने पत्त्याला अगदी बारीक टोचून खूण करायची, म्हणजे पत्ता न बघता अंगठ्याला कळतो, अशी एक पद्धत त्याच्याकडे होती. ती हॉफमनने नोंदवली आहे. ही पद्धत रंगमंचावरच्या जादूगाराच्या फारशी उपयोगाची नाही, जुगाराच्या टेबलावर मात्र सोन्याची आहे. म्हातारबुवांचं आधीचं आयुष्य कुठल्या टेबलांभोवती गेलं असेल याचा अंदाज ज्याने त्याने करावा. पुढे तो लंडनमधून गेला आणि कुणाला पुन्हा दिसला नाही.

त्याचा सर्वांत गाजलेला शिष्य चार्ल्स बर्ट्रॅम. प्रिन्स ऑफ वेल्ससमोर अनेकदा खेळ केलेला, सुटाबुटातला, गोड बोलणारा जादूगार. हा बर्ट्रॅम आपल्याकडे हिंदुस्थानातही येऊन गेला होता. १८९९ मध्ये लंडनच्या ‘स्ट्रँड’ मासिकाने त्याची मतं घेऊन लेख छापला. मथळ्याचा अर्थ साधारण असा, की हिंदुस्थानी जादूगार भोंदू आहेत का? पत्तेबाजाच्या शिष्याने रस्त्यावरच्या मदाऱ्याला भोंदू ठरवायला बसायचं, यातला विनोद त्या काळात कुणाला जाणवला असेल असं वाटत नाही.

आता हालचालीकडे येतो, कारण इथे तपशील महत्त्वाचे आहेत.

कॅट तळहातात दाबून धरायचा नाही. बोटांच्या टोकांवर, उंच धरायचा. एका लांब कडेला अंगठा, समोरच्या लांब कडेला मधलं बोट आणि अनामिका. मागच्या आखूड कडेला करंगळी. तर्जनी खाली मोकळी. आता अंगठा किंचित सैल केला की कॅटचा खालचा अर्धा भाग सुटतो आणि पुस्तक उघडावं तसा तळहाताकडे कलतो. मग तर्जनी त्या खालच्या गठ्ठ्याला खालून अंगठ्याकडे ढकलते. तो वर वर जात जवळपास उभा राहतो. त्याची कड वरच्या गठ्ठ्याच्या कडेला घासून पुढे जाते, आणि ज्या क्षणी ती निसटते त्या क्षणी वरचा गठ्ठा खाली पडतो. खालचा आता वर. बोटं मिटायची. झालं.

वाचायला सोपं आहे. सगळा खेळ त्या निसटण्याच्या क्षणात आहे. नवख्या हातात तिथे एक झटका येतो. ‘टप्’ असा आवाज होतो, पत्त्यांच्या कडा विसकटतात, दोन-तीन पत्ते जमिनीवर. म्हणून पलंगावर बसून सराव करायचा, म्हणजे वाकून वाकून पाठ धरत नाही. झटका जातो कधी? माझ्या अनुभवात तर्जनी अजून जोरात ढकलून तो जात नाही. करंगळी शांत झाली की जातो. करंगळी आखूड कडेला भिंतीसारखी उभी राहिली तर पत्ते मागे सरकत नाहीत, आणि दोन्ही गठ्ठे एकमेकांना चुकवून जायला नेमकी तेवढीच जागा राहते. वेग वाढवायचा नाही. उलट इतक्या हळू करायचं की गुरुत्वाकर्षणाला काही करायलाच उरू नये, वरचा गठ्ठा पडण्याऐवजी उतरला पाहिजे. सफाई म्हणजे वेग असं समजणारे लोक इथे अडकतात. सफाई म्हणजे हालचालीच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी वेग सारखा असणं.

आणि पत्ते. पोकर आकाराचा पत्ता साधारण ६३ मिलिमीटर रुंद, ८८ मिलिमीटर उंच. ब्रिज आकाराचा ५७ रुंद. या सहा मिलिमीटरांत लहान हाताच्या माणसाचं आयुष्य बदलू शकतं. पावसाळ्यात कागदी पत्ते ओल धरतात, फुगतात, एकमेकांना चिकटतात. जुलैत मी आठवडाभर पत्त्यांचा डबा तांदळाच्या पिंपात ठेवला होता. आईने एका शब्दाने विचारलं नाही, पण बघितलं.

शार्लिएची ही हालचाल सरळ कडेवर उभी आहे. एक कड बिजागरी होते, दुसरी तिच्यावरून घसरते. म्हणून आपल्या सावंतवाडीच्या गंजिफांवर ती जन्मालाच आली नसती. ते पत्ते गोल. दशावतारी संच १२० पत्त्यांचा, दहा रंग, प्रत्येकात बारा. हाताने रंगवलेले, लाखेचा लेप दिलेले, राजवाड्यात आजही बनतात. बाबराने १५२७ मध्ये सिंधच्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे, म्हणजे या मुलखात पत्ते बरेच जुने. पण गोल पत्त्याला बिजागरी नाही. लबाडी त्यांच्यातही झालीच असणार, फक्त तिला बोटांची वेगळी भाषा लागली असेल.

१९०२ मध्ये शिकागोत एक पुस्तक निघालं, ‘द एक्स्पर्ट ॲट द कार्ड टेबल’. लेखक एस. डब्ल्यू. अर्डनेस. हे नाव उलटं वाचलं तर ई. एस. अँड्र्यूज होतं, आणि तो माणूस नक्की कोण यावर सव्वाशे वर्षं वाद चालू आहे. मार्टिन गार्डनर, तोच गणिती कोड्यांचा लेखक, त्याच्या मागावर होता. १९४० च्या दशकात त्याने पुस्तकातली चित्रं काढणारा चित्रकार मार्शल स्मिथ शोधून काढला. चित्रकार जिवंत सापडला, लेखक शेवटपर्यंत निसटला.

या पुस्तकात शार्लिए पास आहे. अर्डनेसचा सूर मात्र हॉफमनसारखा नाही. तो जादूगारासाठी लिहीत नाही, किंवा आधी त्याच्यासाठी नाही. तो थंडपणे, कारागिरासारखा, टेबलावर पैसे लावून बसणाऱ्यासाठी लिहितो. त्याचं म्हणणं असं की खरा तरबेज माणूस आपल्याला काही येतं हेच कळू देत नाही, आणि हात दाखवण्याचा मोह भल्याभल्यांना बुडवतो. माझ्या हातातली हालचाल नेमकी तोच मोह आहे. इतिहासातल्या एका मोठ्या पत्तेबाजाच्या दृष्टीने मी आणि यूट्यूबवरची लाखभर पोरं जाहीर आत्महत्या करतोय.

इथे मला आमच्या घराबद्दल सांगावं लागेल. आमच्याकडे पत्ते ठेवत नसत. सुट्टीत मामाकडे आम्ही झब्बू, बदाम सात, मेंढीकोट सगळं खेळायचो, पण घरी कॅट आणायचा नाही. माझ्या आजोबांचे थोरले भाऊ, सगळे त्यांना दादा म्हणत, तीन पत्तीत विहिरीजवळची जमीन हरले होते. एका रात्रीत नाही, दोन दिवाळ्यांत मिळून. ही गोष्ट घरात सांगतात तेव्हा तिचं एक वाक्य ठरलेलं आहे, “दादांना फसवलं.” खेळवणारा बाहेरगावचा होता, त्याचा हात साफ होता, पत्ते त्याच्याशी बोलायचे. आजोबा असं सांगायचे, आता बाबा तसंच सांगतात.

दिवाळीत बाबांनी मला गॅलरीत कट करताना पाहिलं. थोडा वेळ उभे राहिले.

“हे कुठं शिकलास?”

“यूट्यूबवर.”

“हळू करून दाखव.”

मी हळू केलं. त्यांनी आणखी दोनदा करायला लावलं. मग म्हणाले, “असंच केलं असणार त्या माणसानं.” आणि आत गेले.

मला त्यांना उत्तर द्यायचं होतं, पण दिलं नाही. कारण आठ महिन्यांनंतर मला जे ठामपणे कळलंय ते हे, की शार्लिए पास समोर बसलेल्या माणसापासून लपवता येत नाही. गठ्ठा मध्येच उभा राहतो, हाताचा आकार बदलतो. जादूगार हात हलवत, प्रेक्षकाच्या डोळ्यांत बघून बोलत तो झाकतो. कंदिलाच्या उजेडात पाच जणांच्या कोंडाळ्यात, सगळ्यांचे डोळे वाटणाऱ्याच्या हातावर असताना, हे कोणी केलं नसतं. दुसरं काही केलं असेल. किंवा काहीच केलं नसेल. सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये आंध्र प्रदेशातल्या एका खटल्यात रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरवला, तेव्हा तीन पत्त्यांचा खेळ मात्र निव्वळ नशिबाचा म्हणून बाजूला ठेवला. निव्वळ नशिबाच्या खेळात, सतत वाढत्या बोलीवर, थांबता न येणारा माणूस जमीन हरतो. त्याला समोर कोणी कलाकार लागत नाही. पण ‘दादांना फसवलं’ या वाक्यावर आमच्या घरातल्या दोन पिढ्यांनी दादांचा मान सांभाळलाय. ते वाक्य मोडण्याइतका माझा हात साफ नाही, आणि साफ झाला तरी मी ते मोडणार नाही.

डोळ्यांपासून पूर्ण लपणारी सफाई कशी असते याची मला माहीत असलेली सर्वांत चांगली गोष्ट डाय व्हर्ननची आहे. व्हर्नन कॅनडातल्या ओटावाचा, जन्म १८९४. अर्डनेसचं पुस्तक त्याने पोरवयातच पाठ केलं आणि पुढे विसाव्या शतकातल्या पत्त्यांच्या जादूचा तो गुरू झाला. १९३२ मध्ये तो कॅन्सस राज्यातल्या विचिटा शहरात होता. तिथल्या तुरुंगातल्या एका मेक्सिकन जुगाऱ्याने त्याला सांगितलं, की कॅन्सस सिटीकडे एक जण पत्ता कॅटच्या मधून वाटतो. वरून वाटल्यासारखं दाखवून तळाचा पत्ता देणारे बरेच होते. मधून देणं ही दंतकथा समजली जायची. मधून देता आलं तर समोरच्याने कापलेलं असलं तरी फरक पडत नाही. पास करायचीच गरज नाही, उलट रोटेशन नको. कुलूप उघडायचंच नाही, भिंतीतून आत जायचं.

व्हर्नन त्या माणसाला शोधत जुगारी अड्ड्यांमध्ये फिरला आणि शेवटी मिसुरीतल्या प्लेझंट हिल नावाच्या छोट्या गावात पोचला. माणसाचं नाव ॲलन केनेडी. केनेडीने त्याला ती वाटणी करून दाखवली. जगातला सगळ्यात तयार डोळा समोर बसलेला, आणि त्याला काही दिसलं नाही. मंदीचा काळ होता, लोकांकडे कामं नव्हती, आणि एका खेड्यात एक माणूस वर्षानुवर्षं बसून अशी गोष्ट पक्की करत होता जी यशस्वी झाली तर कोणालाच कळणार नव्हती. हे मी पुन्हा पुन्हा वाचतो. मी बॅकएंडवर काम करतो. माझं काम नीट चाललं तर कोणाला माझं नाव आठवत नाही. तरी केनेडीच्या एकटेपणाशी त्याची तुलना होत नाही, मला निदान महिन्याला पगार मिळतो.

मग ही लपवण्याची विद्या उघड्यावर कधी आली? थोडी थोडी. रंगमंचावर पत्त्यांचे पंखे, धबधबे आधीपासून होते. रिचर्ड पिचफर्ड, म्हणजे कार्डिनी, पहिल्या महायुद्धात खंदकात असताना थंडीमुळे हातमोजे घालूनच सराव करायचा असं सांगतात. पुढे मोजे घातलेल्या हातांतून पत्ते काढणं हीच त्याची ओळख झाली. पण तिथेही पत्त्यांची कसरत जादूचा दागिना होती, दागिना म्हणजेच सगळं नव्हतं. १९९२ मध्ये अमेरिकन जादूगार क्रिस केनरने आपल्या पुस्तकात ‘सिबिल’ नावाचा कट दिला. त्यात कॅट एकाच वेळी अनेक गठ्ठ्यांत फुटून बोटांमध्ये फिरतो. लपवायला काहीच नाही. पुढे डॅन आणि डेव्ह बक या जुळ्या भावांनी असल्या हालचाली आणखी पुढे नेल्या. २००७ मध्ये त्यांचा ‘द ट्रिलॉजी’ हा तीन डीव्हीडींचा संच आला. यूट्यूब तेव्हा दोन वर्षांचं होतं. जादू कॅमेऱ्यासमोर अवघड असते, कारण प्रेक्षक व्हिडिओ मागे नेऊन बघू शकतो. कसरतीला मात्र तेच हवं असतं. मागे नेऊन बघा, अर्ध्या वेगाने बघा, पाव वेगाने बघा. या प्रकाराला ‘कार्डिस्ट्री’ हे नाव पडलं, सिंगापूरपासून पोलंडपर्यंत पोरं एकमेकांचे व्हिडिओ बघून शिकू लागली, आणि २०१४ पासून त्यांची संमेलनंही भरू लागली.

यात पत्ता ओळखायचा नसतो, पैसे लावायचे नसतात, कोणी फसत नाही. मला हे आवडतं. पण कधीतरी मी करंगळी सांध्यात ठेवून तोच कट करतो, समोरच्याने कापलेला कॅट पुन्हा होता तसा करतो, आणि वरचा पत्ता उलटून बघतो. तो आधी वर ठेवलेला एक्काच असतो. तेव्हा पोटात जे होतं ते व्हिडिओ बनवताना कधी होत नाही.

अमेरिकन शिक्षक पहिल्या धड्यात या कटचं नाव ‘चार्लियर’ असं घेतात. इंग्रजी अक्षरं दिसतात तशी वाचलेली. फ्रेंच उच्चार शार्लिए. माझ्यासोबत सराव करणारा ऑफिसातला मित्र त्याला ‘चार्ली कट’ म्हणतो. त्याला वाटतं ते चॅप्लिनवरून पडलेलं नाव आहे.